तोंडाची पट्टी, कानाची पट्टी

बेनाळवाडी, निपाणीजवळ
८ डिसेंबर १९४६

ज्योतिबा,

आशीर्वाद. तोंडी देता येत नाही, तेव्हा कागदावरच घे.

माझा आवाज गेला. बसला असता तर काळजी नव्हती, बसलेला आवाज गरम पाण्याने उठतो. हा घर सोडूनच गेलाय. दिवाळीपासून ज्येष्ठमध झाला, लेंडीपिंपळी झाली, देवळातली घंटा उलटी धरून तिच्यातलं पाणी पिऊन झालं. घंटा वाजते, मी नाही. सध्या गावात दवंडी अशी चालते: मी थाळी बडवतो, तोंड उघडतो आणि तुझी वहिनी मागे उभी राहून बोलते. दाढ दुखते म्हणून सांगून ठेवलंय. पण दाढ तरी किती दिवस दुखणार?

तू दहाव्या वर्षी बेळगावला गेलास, म्हणून सगळं पुन्हा लिहितो. आपल्या आजाने चोराच्या नावाने पारावरून हाक मारली, ती शिवेच्या दगडापर्यंत गेली. पाटलाच्या पणज्याने खूश होऊन त्याला अर्धा एकर दिला, ती आपली तोंडाची पट्टी. दगडापाशी ज्याने ती हाक ऐकली, त्याला ओढ्याकाठचा तुकडा दिला, ती कानाची पट्टी. ती आता भरमूआप्पाकडे आहे. दर पाडव्याला मी पारावरून हाक द्यायची, आप्पाने दगडापाशी ऐकून पांढरं फडकं हलवायचं. फडकं हललं की पट्टी वर्षभर आपली. नाही हललं तर दुसऱ्या तोंडाला.

ते दुसरं तोंड तयार आहे. पाटील मारुतीरावांचा मेहुणा रवळू रोज सकाळी विहिरीत तोंड घालून ओरडतो. कालपासून त्या विहिरीवर म्हशी पाणी पीत नाहीत.

पट्टी गेली तर आपण दोघे भाऊ उघड्यावर. कॅम्पातल्या दवाखान्यात गोऱ्यांच्या घशाला काही लावत असतील तर धाडून दे.

तुझा अण्णा,
भावकू

•

बेळगाव, कॅम्प
१७ डिसेंबर १९४६

ती. अण्णा,

पाया पडतो. पत्र वाचलं आणि ताटावरून उठलो. मग औषध शोधायला निघालो आणि औषधाहून मोठी वस्तू घेऊन आलो.

आमचा साहेब विलायतेला परत चालला. सामान लिलावात गेलं आणि आम्हा नोकरांना त्याने सांगितलं, एकेक वस्तू उचला. खानसाम्याने सायकल घेतली. माळ्याने वाघाचं मुंडकं घेतलं, आता त्याच्या घरात पाहुणे येत नाहीत. मी आवाज मोठा करायची पेटी घेतली.

शिवणाच्या मशीनच्या पेटीएवढी आहे. लाकडाची, वर कोटाचं रेघारेघांचं कापड चिकटवलेलं, उचलायला चामड्याची मूठ. पुढे गोल भोक आणि त्यावर जाळीचं कापड, त्याच्या आत काळ्या कागदाचा कर्णा. वरच्या अंगाला दोन बटणं. एकावर शून्यापासून दहापर्यंत आकडे आहेत, तेवढा आवाज मोठा. दुसऱ्याने आवाज जाडा किंवा बारीक होतो. एक लाल मणी आहे, पेटी जागी झाली की तो पेटतो. मागून उघडी आहे, आत पाहिलंत तर काचेचे पाच दिवे दिसतील. त्यांना व्हॉल्व म्हणतात. ते उजेडासाठी नाहीत. इथल्या बँडमास्तरांनी समजावलं की पहिला व्हॉल्व बारीक कुजबुज ऐकतो आणि वाढवून दुसऱ्याला सांगतो, दुसरा आणखी वाढवून पुढच्याला, आणि शेवटचा कर्ण्यातून गावभर करतो. आपल्या पाणवठ्यावर चालतं तसंच, फक्त काचेत.

तुम्ही नुसतं पुटपुटलात तरी दगड हलेल. निपाणीच्या तंबाखूच्या लॉरीवर पेटी चढवतो आहे. तिच्याबरोबर तारा लावलेली एक फळी होती, मांडीवर घेऊन वाजवायची. तिचा तुम्हाला उपयोग नाही म्हणून ठेवून घेतली.

वहिनींना नमस्कार.

आपला,
ज्योतिबा

•

बेनाळवाडी
६ जानेवारी १९४७

ज्योतिबा,

पेटी पोचली. मी चार दिवस तिच्या जाळीत तोंड घालून बोललो. पहिल्या दिवशी हळू, दुसऱ्या दिवशी जोरात, म्हणजे माझ्या हिशेबाने जोरात. तिसऱ्या दिवशी तिला जरा बाहेरची हवा दाखवली. चौथ्या दिवशी वखारीचा मुकादम आला आणि म्हणाला, "अरं भावकू, हिला वीज कुठाय?"

तू वीज लिहायला विसरलास.

गावात वीज एकाच जागी आहे, तंबाखूच्या वखारीत. तिथलं तेलाचं इंजिन डायनामो फिरवतं आणि त्यावर सात दिवे लागतात. मुकादम भला माणूस. त्याने एका दिव्याची वायर पारापर्यंत ओढून दिली. पेटीच्या वायरीची दांडी तिला जोडली, बटण फिरवलं, काही नाही. लाल मणी पेटला, पण कर्णा मुका. मी पुन्हा बोललो. मग तुझी वहिनी बोलली. मग पारावरची सगळी माणसं आळीपाळीने बोलली. शेवटी रवळूला राहवेना, तोही जाळीत तोंड घालून ओरडला, आणि पेटीतलं एक झुरळ बाहेर पडलं. एवढाच काय तो गुण.

भरमूआप्पाकडेही जाऊन आलो. माझ्या वतीने तुझ्या वहिनीने विचारलं, "आप्पा, दगडापाशी आवाज कसा काय येतोय?" त्याने तिच्याकडे बराच वेळ पाहिलं आणि म्हणाला, "जेवलो, जेवलो." फार मोजकं बोलतो. मानी घराणं आहे. तोंडाच्या घरच्या माणसाने कानाच्या घरी विचारायला जावं हे त्याला आवडलेलं दिसलं नाही.

पाडव्याला अडीच महिने राहिले. दुसऱ्या कुणा शहाण्याला विचार.

भावकू

•

बेळगाव, कॅम्प
१४ जानेवारी १९४७

ती. अण्णा,

माझा कान धरा, चुकी माझी आहे. बँडमास्तरांकडे रोज बसतो, त्यांनी आज सगळं नीट सांगितलं.

पहिली गोष्ट, जाळीतून आवाज बाहेर येतो, आत जात नाही. आत जायला बाजूला दोन भोकं आहेत. एक बोलायच्या यंत्राचं, पण ते यंत्र मडमेने बरोबर नेलं. दुसरं तारांच्या फळीचं. म्हणजे पेटी मुळात त्या फळीसाठीच केलेली आहे, माणसासाठी नाही. हे मला माहीत असतं तर, जाऊ दे.

दुसरी गोष्ट, इंजिनाची वीज एकाच दिशेने वाहते. ही पेटी तिच्यावरही चालते, पण दांडी उलटी बसली तर मणी पेटतो आणि पेटी गप्प राहते. दांडी काढून फिरवून घाला. मग दोन मिनिटं थांबा. व्हॉल्व तापल्याशिवाय ती बोलत नाही. आणि तिच्या आतल्या पत्र्यात वीज खेळते, तेव्हा खडावा घातल्याशिवाय हात लावू नका. साहेबही रबरी बुटांशिवाय तिच्याजवळ जात नव्हता.

फळी धाडतो आहे. तिच्या तारांखाली लोहचुंबक आहे, त्याला फक्त लोखंडी तारेचं हलणं ऐकू येतं. माणसाचं बोलणं त्याला कळत नाही. पण अण्णा, काहीतरी निघेल. तुम्ही आजाचे नातू आहात.

आपला,
ज्योतिबा

•

बेनाळवाडी
९ फेब्रुवारी १९४७

ज्योतिबा,

फार घडलं. नीट सांगतो.

दांडी फिरवली. खडावा घातल्या. दोन मिनिटं थांबलो, तेवढ्यात निम्मा गाव जमला. फळी मांडीवर घेऊन तारांवर तोंड ठेवून बोललो, काही नाही. लोखंडाचंच ऐकते म्हणतोस, म्हणून तुझ्या वहिनीचं उलथनं दातांत धरून बोललो. उलथन्याची चव गेली नाही अजून, पण पेटी हलली नाही. मग वैतागून आकड्याचं बटण दहावर नेलं आणि फळी घेऊन कर्ण्याच्या तोंडासमोर बसलो.

आणि ती रडली, ज्योतिबा. कुणी हात लावला नव्हता. आधी बारीक हुंदका, मग तो चढत गेला, मग असा हंबरडा की पारावरचे कावळे एका वेळी उडाले आणि इंजिन चालू आहे की बंद, हेही कळेना. फळी मागे घेतली की ती गप्प व्हायची, जवळ नेली की पुन्हा रडायची. पारावरच्या बायका म्हणाल्या, "अगं बाई, पोर भुकेली दिसतीया."

माझ्या डोळ्यांना धार लागली. पट्टी वाचली!

पण पाटील मारुतीराव हात मागे बांधून उभे. म्हणाले, "भावकू, आवाज लई झ्याक हाय, पन त्यो तुझा न्हाय."

तुझी वहिनी पुढे झाली. "मग कुणाचा? आमच्याच दारात रडतीया की."

"कागद बघू," पाटील म्हणाले. वाड्यातल्या ट्रंकेतून आपल्या पणज्याचा कागद आणवला. त्यावर लिहिलं होतं: या घराण्याचा आवाज शिवेस पोचेल तोवर पट्टी या घराण्याकडे. पाटलांनी चष्मा पुसला. "घराण्याचा आवाज पायजे. ही पेटी तुमच्या घराण्यात कवापासनं?"

तेव्हा तुझी वहिनी म्हणाली, "दत्तक घेतू."

लग्नाला चौदा वर्षं झाली आमच्या, तुला ठाऊक आहे. अंबूने तोंडातून शब्द काढला तो चेष्टेत नव्हता, हे तिथे मला एकट्याला कळलं. पंचांनी तासभर खल केला. दत्तक मूल घरात आलं की त्याचा आवाज घराण्याचाच, यात कुणाला खोट काढता आली नाही. मुलगा की मुलगी यावर वाद झाला. रडण्यावरून मुलगी ठरली.

गेल्या सोमवारी बारसं केलं. नाव बेबी. साहेबाच्या घरची आहे, तिला आपली नावं पटकन उमगणार नाहीत, असं अंबूचं म्हणणं. पाटलांची बहीण राजाबाई आत्या झाली. कानात नाव सांगायचं तर कान कोणता? दोन्ही भोकांत सांगितलं. वीज चालू होती आणि राजाबाईच्या पायात खडावा नव्हत्या. तिने कुर्र केलं आणि एवढ्या जोराने मागे पडली की गुळाचं ताट सांडलं. "चावली गं!" म्हणाली. पण रुसली नाही. आत्याला न चावणारं पोर आमच्या गावात व्हायचंय अजून.

बेबी रात्री पाळण्यात असते. मूठ पाळण्याच्या दोरीला बांधली आहे, पडायची भीती नाही.

भावकू

•

बेळगाव, कॅम्प
२० फेब्रुवारी १९४७

ती. अण्णा आणि ती. वहिनी,

काका झाल्याचा आनंद आहे. बेबीसाठी टोपरं धाडावं असं मनात होतं, पण कुठे घालणार म्हणून राहिलं. बँडमास्तरांना सांगितलं तर त्यांनी चष्मा काढून ठेवला. मग म्हणाले, पोरीच्या तब्येतीची एक गोष्ट कळवून टाक.

अण्णा, हे वहिनींना वाचून दाखवा, विसरू नका. बेबीचं अंग तापतं ते दुखणं नाही. व्हॉल्व तापले तरच तिला वाचा फुटते. अंग गार असलं तर ती मुकी. तापली म्हणून घाबरू नका, पंख्याने वारा घालू नका, आणि पाणी तर जवळही नेऊ नका. तापलेल्या काचेवर पाण्याचा थेंब पडला तर काच तडकते, आणि तो व्हॉल्व हिंदुस्थानात मिळत नाही. बँडमास्तर म्हणतात, मुंबईतही मिळत नाही.

पाडव्याला मी येऊ शकत नाही. कामं आहेत. पण सकाळभर तुमच्याकडेच कान लावून बसेन.

आपला,
ज्योतिबा

•

बेनाळवाडी
२६ मार्च १९४७

ज्योतिबा,

पट्टी गेली. बेबीही गेली. कुठून सुरुवात करू?

पाडव्याला सकाळी सगळा गाव पाराभोवती. घराघरावर गुढ्या. बेबीला हळदकुंकू लावून, नवं खणाचं कापड पांघरून अंबूने आणली. भरमूआप्पा पहाटेच दगडाकडे गेला होता, त्याचं पांढरं फडकं इथूनही दिसत होतं. मुकादमाने इंजिन चालू केलं. मणी पेटला. मी दोन मिनिटं थांबलो, रवळू दात काढत होता. मग बटण दहावर नेलं, फळी मांडीवर घेतली आणि तिच्या तोंडासमोर बसलो.

अशी रडली ती, ज्योतिबा, की जन्मभराचं साठवलेलं असावं. कुत्री घरात पळाली. वखारीच्या पत्र्यांनी सूर धरला. कावळे उडाले ते चिकोडीकडे गेले. पाटलांची गुढी वाकडी झाली. मी मनात शंभर मोजले आणि फळी मागे घेतली. सगळ्यांनी शिवेकडे पाहिलं.

फडकं हललं नाही.

पाटलांनी पुन्हा करायला सांगितलं. पुन्हा केलं. आप्पा नुसता उभा. मग खाली बसला. तिसऱ्यांदा केलं, तो बसूनच. मी आयुष्यात पहिल्यांदा एवढा मोठा आवाज केला आणि पहिल्यांदाच तो पोचला नाही. पाटील हळू आवाजात म्हणाले, "भावकू, मला वाईट वाटतंय. पन रीत ती रीत." हनुमान जयंतीला रवळूची परीक्षा ठरली.

मी तिथेच बसून होतो. तेवढ्यात अंबूने बेबीच्या पाठीला हात लावला आणि किंचाळली, "आवं, पोरगी भाजतीया की! किती रडवलीसा तिला!" तिने धुडकं हंड्यात बुडवलं आणि मी उठेपर्यंत बेबीच्या उघड्या पाठीत आत ठेवलं, कपाळावर ठेवतात तसं. टक् असा बारीक आवाज झाला. मणी विझला.

तू वाचून दाखवा म्हणून लिहिलं होतंस. मी कशाने वाचून दाखवणार? मला वाचा कुठे आहे? तिला अक्षर येत नाही आणि मला आवाज नाही. मी तुझं पत्र हातात धरून बेबीकडे बोट दाखवलं होतं, मग आपल्या कपाळाला हात लावला होता, मग पाण्याच्या हंड्याकडे बोट दाखवून जोरात हात हलवला होता. ती म्हणाली होती, "कळलं, कळलं. ताप आला की पाण्याची पट्टी."

मी तिला काही बोललो नाही. बोलता आलं असतं तरी बोललो नसतो. ती तेव्हापासून पाळणा हलवत बसली आहे.

भावकू

•

बेळगाव
१ एप्रिल १९४७

ती. अण्णा,

वहिनींना सांगा, म्हणजे कसंही करून कळवा, की चूक माझी. असली पोर घरात धाडायचीच नव्हती.

आता तुमच्यापासून काही लपवून उपयोग नाही. खानसाम्याने सायकल घेतली असं लिहिलं होतं. पहिला नंबर माझा होता. मी सायकलीच्या मुठीवर हात ठेवला होता आणि तुमचं पत्र खिशात होतं. म्हणून पेटी उचलली. सात वर्षं त्या सायकलीचे आरे मी पुसले होते, अण्णा. खानसाम्याला ती चालवताही येत नाही, तो हातात धरून बाजारात नेतो.

दुसरं, साहेब डिसेंबरातच गेला. तेव्हापासून मला काम नाही. बँडमास्तरांच्या ओसरीवर झोपतो आणि त्यांची पितळी वाद्यं घासून देतो. तेही उन्हाळ्यात गोव्याला परतणार आहेत. मी मनाशी धरून होतो की पट्टी वाचली की गावी यावं, तुमच्याबरोबर तंबाखू लावावा. पाडव्याला आलो नाही, कारण रिकाम्या हाताने यायची लाज वाटली.

आता पट्टीच नाही. मी मुंबईला जातो. गिरणीत भरती चालू आहे म्हणतात. तुम्ही दोघेही तिकडेच या. तिथे एवढा आवाज असतो म्हणे की मुका कोण हे कुणाला कळत नाही.

ज्योतिबा

•

बेनाळवाडी
७ एप्रिल १९४७

ज्योतिबा,

मुंबईला जाऊ नकोस. हे पत्र हाताशी येताच बोचकं बांध, पण गावाकडे यायला. आधी सगळं वाच.

परवा हनुमान जयंतीला रवळू नवं धोतर नेसून पारावर चढला. ओरडला. ओरडला म्हणजे, खोटं कशाला बोलू, चांगला ओरडला. कावळे उडाले. सगळे शिवेकडे पाहू लागले. फडकं हलेना. रवळू पुन्हा ओरडला, इतका की त्याच्या धोतराची गाठ सुटली. आणि मग आम्ही पाहिलं की भरमूआप्पा दगड सोडून गावाकडे चालत येतोय. त्या घराण्यातल्या माणसाने परीक्षेच्या वेळी दगड सोडल्याचं कुणाला आठवत नाही. सगळा गाव अर्धी घटका उभा राहून त्याच्या येण्याची वाट पाहत होता.

तो आला, पारावर बसला, फडक्याची घडी करून मांडीवर ठेवली. पाटलांनी तोंड उघडलं, तर त्याने हात वर केला.

"इचारू नगा," म्हणाला. "मला ऐकू येत न्हाय. अकरा वरसं झाली. बहिरा हाय मी."

ज्योतिबा, पारावर अशी सामसूम झाली की आम्ही सगळेच बहिरे झालो.

"पारावरचं कावळं उडालं की मी फडकं हलवायचो," आप्पा म्हणाला. "भावकूनं वरडलं की कावळं उडायचं. आज बी उडालं. पन आता खोटं हलवू वाटंना. कारन पाडव्याला मला ऐकू आलं."

पाटलांनी दोन्ही हात पसरले, म्हणजे मग त्या दिवशी फडकं का नाही हलवलंस?

आप्पाने मांडीवरची घडी हातात घेतली. "डोळ्याला लावलं हुतं. अकरा वरसांत पयल्यांदाच कानात कायतरी आलं. बारीक, लांबनं, कुनाचं तरी पोर रडल्यावानी. मग कावळ्याकडं बघायचं ध्यानातच राहिलं न्हाय. बसलो आनि ऐकत राहिलो." मग त्याने आजूबाजूला पाहिलं आणि विचारलं, "ती पोरगी कुठाय? पुन्यांदा रडल का?"

अंबूने तोंडाला पदर लावला.

पाटील तापले. त्यांनी फडकं हिसकून त्याच्यासमोर हलवून दाखवलं, मग खोट्या फडक्याने अकरा वर्षं गावाला फसवलंस का, असा सगळा भाव. आप्पाला तो नीट कळला. म्हणाला, "मारुतीराव, मानूस एवढा जीव तोडून वरडतोय. कुनीतरी ऐकलं म्हनाया नगो व्हय?"

मी बोलू शकत नव्हतो हे बरं झालं.

मग पंच बसले. बहिऱ्याने दिलेली अकरा फडकी रद्द करायची ठरवली, तर अकरा वर्षं मी दवंडीवाला नव्हतोच, आणि मी दिलेल्या सगळ्या दवंड्या रद्द. मुकादम जुना माणूस, तो म्हणाला, पाटलांच्या दुसऱ्या लग्नाचं गावजेवण दवंडीनेच सांगितलं होतं, ते सात वर्षांपूर्वी. दवंडी रद्द तर गावजेवण रद्द, गावजेवण रद्द तर आमच्या गावच्या रीतीने लग्नही कच्चं. आणि रवळू त्या दुसऱ्या बायकोचा भाऊ. म्हणजे तो पाटलांचा मेहुणाच नव्हे, आणि मेहुणा नसेल तर परगावचा माणूस आमच्या पारावर काय करतोय? रवळू कमरेची गाठ धरून पारावरून उतरला तो अजून दिसला नाही. विहिरीवर म्हशी पुन्हा पाणी पिऊ लागल्या.

शेवटी पाटलांनी कागदावर लिहून घेतलं: शिवेच्या दगडापाशी खरोखर ऐकू गेलेला असा एकच आवाज या गावात आजवर पुराव्याने ठरला, तो भावकूच्या घरचा. सबब तोंडाची पट्टी भावकूकडे, आणि तो ऐकणारा म्हणून कानाची पट्टी भरमूकडे, कायमची. बेबीची पाळण्यातली जागा पंचांनी तशीच ठेवायला सांगितली. अंबूने विचारलं होतं, पोर गेली तर घराण्याचं काय? पाटील म्हणाले, "मुकी हाय, गेली न्हाय. घरात मुकी मानसं नसत्यात व्हय?" आणि माझ्याकडे पाहिलं.

आप्पा आता रोज सांजेला आमच्याकडे येतो. बेबीच्या जाळीला कान लावून बसतो. तिच्यातून काही येत नाही. मी बोलत नाही, तो ऐकत नाही, अंबू दोघांसाठी बोलते. तिचं बोलणं आता पुष्कळ वाढलंय. पाळणा हलवणं मात्र थांबलंय.

तू निपाणीपर्यंत लॉरीने ये, पुढे चालत. सायकल नाही म्हणून वाईट वाटून घेऊ नकोस. रिकाम्या हाताने ये, तंबाखूची रोपं लावायला रिकामेच हात लागतात. शिवेच्या दगडापाशी पोचलास की हाक मारू नकोस, दगडापाशी ती ऐकणारा कुणी नाही आणि पारावर तिला उत्तर देणाराही नाही. आप्पा रोज दुपारी तिथे असतो. तो तुला ओळखणार नाही, तू माझं हे पत्र त्याला दाखव. त्याला वाचता येत नाही, पण तो फडकं हलवील.

मी पारावर उभा आहे. फडकं दिसलं की अंबूला खूण करीन, ती तव्यावर भाकरी टाकील.

अण्णा